दोन शिक्षकी शाळेत वर्ग कसा चालवायचा: खेळ, मोबाईल आणि पालक, पायरी पायरीने

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या सर-मॅडम लोकांसाठी हे लिहितोय, त्यातही जे नुकतेच लागलेत किंवा बदली होऊन नवीन गावात आलेत त्यांच्यासाठी जास्त. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोनच, म्हणजे एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी-चौथी, त्यात एकजण ट्रेनिंगला किंवा इलेक्शन ड्युटीला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. अशा शाळेत "उपक्रम घ्या, टेक्नॉलॉजी वापरा, पालकांना जोडून घ्या" असं सगळे सांगतात, पण सोमवारी सकाळी वर्गात गेल्यावर नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. मी जे करतो आणि आजूबाजूच्या शाळांत जे चालताना पाहिलंय ते क्रमाने सांगतो. माझं ठाम मत एवढंच आहे की प्रत्येक मूल आज वाचनात आणि गणितात कुठे उभं आहे हे तुम्हाला नक्की माहीत असेल तर कोणता खेळ घ्यायचा, मोबाईलवर काय दाखवायचं आणि त्याच्या आईला काय सांगायचं हे तिन्ही प्रश्न एकदम सोपे होतात. ते माहीत नसेल तर बाकी सगळी नुसती धावपळ.

पायरी पहिली: जूनमध्ये पुस्तक उघडायच्या आधी मुलं तपासा

शाळा उघडली की पहिले दहा-बारा दिवस पाठ्यपुस्तकाची घाई करू नका. एक कागद तयार करा, त्यावर वर थोडी सुटी अक्षरं, खाली काना-मात्रा असलेले सोपे शब्द, मग चार छोट्या वाक्यांचा परिच्छेद आणि शेवटी आठ-दहा वाक्यांची गोष्ट. प्रथम संस्था २००५ पासून असर या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणात साधारण असाच कागद वापरते, आणि तो इतका साधा आहे की आपल्याला हातानेही लिहिता येतो. मुलाला एकेकटं व्हरांड्यात बोलवा, बाकीच्यांसमोर अजिबात नको, कारण चौथीतल्या पोराला सगळ्यांसमोर अक्षर ओळखता आलं नाही की तो पुढचे सहा महिने तोंड उघडत नाही. सुरुवात परिच्छेदापासून करा, जमला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. तोवर बाकीच्यांना मातीकाम द्या, चित्र द्या, अंगणात चिंचोके मोजायला लावा.

गणितासाठी तसंच. आधी १ ते ९ ओळखतो का, मग ९९ पर्यंतच्या संख्या, मग हातच्याची बेरीज-वजाबाकी, तिसरी-चौथीला भागाकार. पण नुसतं "४७ वाच" म्हणू नका, ४७ काड्या मोजून ठेवायला सांगा. वाचता येतं पण काड्या मांडता येत नाहीत अशी मुलं प्रत्येक वर्गात निघतात आणि त्यांची अडचण पेपरमध्ये कधीच दिसत नाही.

हे सगळं एका साध्या वहीत पेन्सिलने लिहा, पेन्सिलने यासाठी की दर महिन्याला खोडून पुढचं लिहायचंय. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोनच गोष्टी लिहायच्या, काय येतं आणि नेमकं कुठे अडतं. "कच्चा आहे" हे वाक्य त्या वहीत यायला नको. "वेलांटी पहिली-दुसरी गोंधळते", "भ आणि म एकच वाचतो", "रफार आला की थांबतो", अशी नोंद हवी, कारण तिच्यावरून उद्याचं काम ठरतं.

५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं हे ध्येय आहे. तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द असं लक्ष्यही दिलेलं आहे. ध्येय चांगलंच आहे, पण स्टॉपवॉच लावून मुलाला पळवू नका. मराठीत "शेतकऱ्यांच्यासाठी" हाही एक शब्द आणि "घर" हाही एकच शब्द. आधी वाचलेलं कळू दे, वेग सरावाने येतो.

पायरी दुसरी: दिवसाची मांडणी

परिपाठ वीस-पंचवीस मिनिटांत आटपा. सुविचार, दिनविशेष, बोधकथा हे असू देच पण बातमी पेपरातली नको, गावातली हवी. कुणाच्या गोठ्यात वासरू झालं, एसटी आज का आली नाही, विहिरीला पाणी किती चढलं. पहिलीतलं मूल पण हे सांगू शकतं आणि तेच तोंडी भाषेचं खरं काम आहे. घरी पावरी, कोरकू, गोंडी, गोरमाटी किंवा अहिराणी बोलणारं मूल असेल तर त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या, दुसरं मूल मराठीत सांगेल, मध्ये टोकू नका.

त्यानंतरचा दीड तास मी इयत्ता विसरून गट करतो. तिसरीतला जो अजून अक्षरावर आहे तो दुसरीतल्या शब्दवाल्यांच्या जवळ बसतो आणि दुसरीतली जी गोष्ट वाचते ती चौथीच्या गटात. गटांना हुशार-मध्यम-कच्चा असली नावं तोंडातून चुकूनही जाऊ देऊ नका, पोरांनाच नावं ठरवू द्या, मोगरा, वाघ, ट्रॅक्टर काहीही चालतं. आणि गट दर दीड-दोन महिन्यांनी बदललाच पाहिजे, नाहीतर तो शिक्का होतो.

आता एकटा शिक्षक तीन गट कसे सांभाळणार? तीन प्रकारची कामं ठेवा: एक गट तुमच्यासोबत, एक जोडी-जोडीने, एक आपापलं. वीस-पंचवीस मिनिटांनी फिरवा. जोडीच्या आणि एकट्याच्या कामाचं साहित्य आधीच डब्यांत भरून ठेवलेलं पाहिजे, आणि ते कसं वापरायचं हे जुलैमध्ये दोन आठवडे नीट शिकवलं पाहिजे, डबा कुठून घ्यायचा, कुठे ठेवायचा, भांडण झालं तर काय. हे दोन आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात पण ऑगस्टपासून तुमचा आवाज बसत नाही. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात अशा वर्गांमुळे राज्यभर माहीत झालं, खूप शिक्षक ते बघून आले आणि फरशीवर रंगवून घेतलं. पण रंगवलेली फरशी हे त्यातलं सगळ्यात सोपं काम होतं, मुलांनी स्वतःहून साहित्य घेऊन कामाला बसणं ही खरी गोष्ट होती.

पायरी तिसरी: भाषेचे खेळ, कोणत्या मुलाला कोणता

अक्षरावर असलेल्या मुलाला अ ते ज्ञ पूर्ण होईपर्यंत थांबवू नका. क, म, न, र, ग आणि काना एवढं जरी आलं तरी नाक, कान, मान, काम, नाग, राग, गार, काका, मामा इतके शब्द तयार होतात, आणि "मामा, काम कर" हे वाक्यसुद्धा. मुलाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतः एक वाक्य वाचलं की त्याचा चेहराच वेगळा होतो. पुठ्ठ्याची कार्डं करा, एका बाजूला अक्षर, मागे काही नाही, जोडीने शब्द बनवायचे आणि बनवलेला शब्द पाटीवर लिहायचा. अर्थ नसलेला शब्द झाला तर तो बाद, त्यामुळे आपोआप अर्थाचा विचार होतो.

शब्दावर असलेल्यांसाठी गावातलं छापील साहित्य सगळ्यात भारी. बिस्किटाचे पुडे, चहापत्तीची पाकिटं, लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, एसटीच्या पाट्या. लग्नपत्रिकेत तर जोडाक्षरांची खाणच असते आणि गावातल्या माणसांची नावं असल्यामुळे मुलं स्वतःहून वाचतात. एक पत्रिका, दोन मुलं, काम असं की किती नावं ओळखीची निघाली ते लिहून काढा. बियाण्याची पिशवी मात्र धुतलेली असली तरी नको, त्यावर औषध लावलेलं असतं, रिकामा न वापरलेला खोका मिळाला तर घ्या.

परिच्छेदवाल्यांसाठी रोज दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचा. मुलं जवळ कोंडाळं करून बसलेली, बोट शब्दांखालून सरकतंय, आवाजात चढउतार, मग सगळ्यांनी एकत्र, मग जोडीने एकमेकाला. हे फार साधं वाटतं म्हणून लोक करत नाहीत. पण ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथल्या मुलाला वाचन कसं *ऐकू येतं* हेच माहीत नसतं, ते अक्षर-अक्षर तोडत राहतं.

आणि एक उपक्रम मी कधीच सोडत नाही. मूल सांगतं, मी फळ्यावर लिहितो, त्याच्याच शब्दांत. "आमची म्हैस काल रातच्याला याली" असं म्हणालं तर तसंच लिहितो. मग तेच सगळे वाचतात, वहीत उतरवतात, चित्र काढतात. स्वतःचं बोलणं अक्षरात दिसलं की लिहिणं म्हणजे काय हे मुलाला कळतं. पुस्तकातली भाषा हळूहळू शेजारी आणून ठेवता येते, चौथीपर्यंत दोन्ही येतात. मुलाच्या लिखाणात एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा, आज फक्त अनुस्वार, पुढच्या आठवड्यात फक्त वेलांट्या. लाल पेनने भरलेली वही मूल पुन्हा उघडत नाही.

पायरी चौथी: गणित हातात द्या

तुरीच्या काड्या किंवा आईसक्रीमच्या काड्या, रबरबँड, आणि शंभर मण्यांची माळ, एवढ्यावर दुसरीपर्यंतचं बहुतेक गणित होतं. नियम एकच, दहा झाले की गठ्ठा बांधायचा. बांधायचं काम मुलांनीच करायचं, तयार गठ्ठे देऊ नका.

४२ वजा १७ घ्या. मुलाने चार गठ्ठे आणि दोन सुट्या मांडल्या. सात सुट्या दे म्हटलं तर त्याच्याकडे दोनच. आता गप्प बसा. थोड्या वेळात कुणीतरी म्हणतंच, "सर, गठ्ठा सोडू का?" तिथे हातचा शिकवून झाला, आता फळ्यावर मांडणी लिहा आणि काड्यांशी जुळवून दाखवा, चाराचा तीन का झाला हे मूलच सांगेल. हे आठवडाभर रोज करा, मगच नुसत्या वहीतली उदाहरणं.

संख्यावाचनात सगळ्यात जास्त मुलं एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास इथे अडकतात, एकोणचाळीस ऐकलं की चाळीस कानावर येतं आणि ४९ लिहितात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनपद्धतही दिली, त्यावर राज्यात बराच वाद झाला. वाद बाजूला ठेवून सांगतो, सुरुवातीच्या दोन महिन्यांत काड्यांसोबत "तीस नऊ" म्हणू दिलं तर मुलाला संख्या दिसते, आणि शेजारी एकोणचाळीस चालूच ठेवायचं कारण बाजारात आणि घरात तेच बोललं जातं. मण्यांच्या माळेवर चाळिसाव्या मण्याच्या एक अलीकडे बोट ठेवलं की हे पटकन बसतं.

आनंदी बाजार बऱ्याच शाळा वर्षातून एकदा भरवतात, पालक येतात, भाजी-भेळ विकली जाते, छानच. पण गणितासाठी दर आठवड्याला वर्गात छोटं दुकान हवं. खेळण्यातल्या नोटा, रिकामी पाकिटं त्यावरच्या किमतीसकट, एक दुकानदार, एक गिऱ्हाईक, आणि एक हिशेब तपासणारा. तपासणारा महत्त्वाचा, तिथे हिशेबात अडणाऱ्या मुलाला बसवा, त्याला दोघांचाही हिशेब बघावा लागतो.

पायरी पाचवी: मोबाईल आणि टीव्ही

टेक्नॉलॉजीचं नाव काढलं की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची आठवण निघतेच. रणजितसिंह डिसले सरांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावायचं काम तिथून सुरू केलं आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून दिली. त्या कामातली मला भिडणारी गोष्ट अशी की क्यूआर कोड हे स्वस्त साधन आहे, मुलाकडे असलेल्या पुस्तकावरच चिकटतं. आपणही तसाच विचार करायचा, जे आहे त्यात काय बसतं.

आज बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, सरकारच्या दीक्षा ॲपने स्कॅन केले की त्या पाठाचं साहित्य येतं. शाळेत रेंज नसेल तर आदल्या संध्याकाळी घरी डाउनलोड करून ठेवा. शाळेत टीव्ही असेल तर पेनड्राइव्हवर टाकून न्या, लाइट गेली तर दुसरा बेत तयार ठेवा. टीव्ही नसेल तर वित्त आयोगाच्या निधीतून काही होतं का हे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून ग्रामपंचायतीला लेखी विचारा, तोंडी विचारलेलं विसरलं जातं.

व्हिडिओ दाखवायची पद्धत सांगतो. तीन-चार मिनिटांपेक्षा मोठा नको. लावायच्या आधी एक प्रश्न द्या, "बी रुजताना आधी मूळ बाहेर येतं का पान?" मुलं पैज लावतात. मध्ये एकदा थांबवा आणि पुढे काय होईल विचारा. संपल्यावर टीव्ही बंद आणि ओल्या फडक्यात मटकी बांधायला लावा, दोन दिवसांत उत्तर हातात येतं. अर्धा तास सलग व्हिडिओ लावून कागदपत्रं भरत बसणं मला पटत नाही, कामाचा ताण कितीही असला तरी तो वेळ मुलांचा आहे.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. तिथे मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, खुल्या परवान्यावर असल्यामुळे डाउनलोड करून प्रिंट काढता येते. वर्गात दोरी बांधा, कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवा, मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर.

चाचणीसाठी प्लिकर्स हे आपल्यासारख्या शाळांना फारच सोयीचं आहे कारण मुलांकडे एकही फोन लागत नाही. तुम्ही वेबसाइटवर अकाउंट काढायचं, वर्गाची यादी टाकायची, प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी बारीक अक्षरात असतं, मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं आणि तुम्ही फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून फिरवायचं, कुणी काय उत्तर दिलं ते लगेच दिसतं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कार्डं पुठ्ठ्यावर चिकटवा, पण चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित झाला की स्कॅन होत नाही. फोनला नेट लागतं, तेवढं बघा. आठवड्याला पाच प्रश्न पुरे, आणि कुणाला काय आलं नाही ते वहीत उतरवा, नाहीतर नुसती करमणूक.

आणि आता जे सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी आहे ते. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन फोनमध्ये रेकॉर्ड करा, फाईलला मुलाचं नाव आणि महिना द्या. जूनचं आणि सप्टेंबरचं लागोपाठ लावलं की मुलालाच ऐकू येतं आपण किती पुढे आलो. हे रेकॉर्डिंग पुढे पालकांशी बोलताना लागणार आहे, म्हणून जपून ठेवा.

मराठी कीबोर्डवर बोलून टाइप होतं, रोजच्या नोंदी तशा करा, वेळ वाचतो. एआयकडून सरावाची उदाहरणं, शब्दांच्या याद्या, गोष्टींचे मसुदे करून घेता येतात, पण छापायच्या आधी प्रत्येक ओळ स्वतः वाचा, मराठीच्या वेलांट्यांच्या चुका आणि गावात न वापरले जाणारे शब्द त्यात हमखास येतात.

मुलांच्या फोटोंबद्दल मात्र काटेकोर राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितलेली आहे, आणि कायदा नसता तरी रडणारं, शिक्षा झालेलं किंवा फाटक्या कपड्यातलं मूल स्टेटसला टाकणं योग्य नाही. मुलांचे हात, त्यांचं काम, फळा, मातीचे बैल यांचे फोटो काढा. जूनमध्येच एका साध्या मराठी फॉर्मवर पालकांची सही किंवा अंगठा घेऊन ठेवा की फोटो शाळेच्या ग्रुपबाहेर जाणार नाही.

पायरी सहावी: पालक

पालकांशी पहिली भेट शाळेत नको, त्यांच्या घरी. जुलै संपायच्या आत प्रत्येक घरी एकदा जाऊन या, संध्याकाळी माणसं रानातून परत आल्यावर. तक्रार घेऊन जायचं नाही, विचारायला जायचं. मूल घरी काय काय काम करतं, कुणाचं ऐकतं, कशाला घाबरतं, अभ्यासाला कुठे बसतं, घरात कुणाला वाचता येतं, फोन कुणाकडे असतो आणि तो माणूस घरी कधी येतो. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण बऱ्याच घरी एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील रात्री नऊला येतात. तुम्ही दुपारी पाठवलेला अभ्यास मुलापर्यंत पोचतच नाही आणि सकाळी आपण मुलाला विचारतो का केला नाही. मूल शेळी राखतं, लहान भावाला सांभाळतं, चूल पेटवतं, हे बघून आलात की वर्गात त्याच्याशी बोलायची पद्धतच बदलते.

व्हॉट्सॲप ग्रुपचे नियम पहिल्याच दिवशी सांगा. फक्त ॲडमिन मेसेज टाकेल असं सेटिंग ठेवा, गुड मॉर्निंग आणि राजकारण दोन्ही बंद. लेखी सूचनांऐवजी आठवड्यातून एकदा मिनिटभराचा आवाजातला मेसेज टाका, गावच्या बोलीत. वाचता न येणाऱ्या आईला तो थेट पोचतो. एखाद्या पालकाने रागाने काही लिहिलं किंवा बोललं तर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, "ताई, संध्याकाळी फोन करतो" एवढंच, आणि खरंच करायचा.

घरचा अभ्यास असा द्या की न शिकलेल्या आईलाही तो करून घेता येईल. "बाजाराची यादी हिच्याकडून लिहून घ्या", "एसटीच्या तिकिटावरचे आकडे वाचायला लावा", "भाकरी थापताना हिच्याकडून गोष्ट ऐका आणि एक प्रश्न विचारा", "आजीकडून एक ओवी ऐकून ये". २०२२ मध्ये शाळापूर्व तयारीच्या पहिले पाऊल कार्यक्रमात गावोगाव माता गट झाले, चार-पाच आया एकत्र बसून मुलांकडून छोटी कामं करून घ्यायच्या. तुमच्या गावात ते गट थंड पडले असतील तर परत उठवा, एका गल्लीतल्या पाच बायका आणि त्यातली एक वाचता येणारी, एवढं पुरतं. मी पाहिलंय की बाप मीटिंगला येतो, मान हलवतो आणि जातो, आई मात्र दुसऱ्या दिवशी विचारायला येते की आज काय घ्यायचं.

पालकसभा पेरणी, काढणी आणि बाजाराचा दिवस सोडून ठेवा. काही गावांत अमावास्येला शेतीची कामं बंद असतात, तो दिवस चांगला. सभा पाऊण तासाच्या आत. भाषणं नकोत. मुलांनी वाचून दाखवावं, काड्यांची वजाबाकी करून दाखवावी, मग प्रत्येक पालकाशी दोन-तीन मिनिटं बाजूला. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असतात, त्या महिलांना फक्त सहीपुरतं बोलावू नका, पोषण आहाराची चव, पाण्याची टाकी, मुलींचं शौचालय यावर त्या जितकं नेमकं बोलतात तितकं दुसरं कुणी बोलत नाही.

मूल मागे आहे हे सांगायची वेळ येते तेव्हा क्रम असा ठेवा: आधी जे येतं ते, मग एकच अडचण, मग घरी करायचं एकच काम, मग पुन्हा भेटायचा दिवस. समजा तिसरीतल्या मुलाचे वडील आलेत.

"दादा, बसा. याचा जूनमधला आवाज ऐका, आणि हा आताचा."

"आयला, बरं वाचतोय की."

"वाचतोय. शब्द येतात आता. जोडाक्षर आलं की थांबतो, तेवढंच राहिलंय."

"मग दोन ठेवून द्या ना गुरुजी, आमची काही ना नाही."

"नाही दादा, मारून जोडाक्षर येत नाही, आणि कायद्यातही मारायला बंदी आहे. तुम्ही एक करा. घरात लग्नपत्रिका आल्या असतील त्या टाकू नका. रोज रात्री जेवणाआधी त्यातली पाच नावं त्याच्याकडून ऐका. पुढच्या अमावास्येला या, परत रेकॉर्डिंग ऐकू."

हे एवढंच. आरटीईच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई केलीय हे शांतपणे सांगा, पण फक्त कायदा सांगून थांबू नका, त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या. पालकाला मदत करायची असते, कशी करायची ते माहीत नसतं.

"इंग्लिश मीडियमला टाकतो" हे ऐकावं लागतंच. वाद घालू नका, त्यांची काळजी खरी आहे. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे, तो रोज नीट घ्या. वर्गातल्या सूचना इंग्रजीत, रोज दोन-तीन नवी वाक्यं, आठवड्याला एक छोटा संवाद. आणि सभेत मुलांना तो बोलू द्या. त्याचबरोबर मराठी पुस्तक मूल समजून वाचतंय हेही दाखवा, दोन्ही समोर दिसलं की पालक स्वतः विचार करतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळी तयारी लागते. दसऱ्यानंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत घरं बंद. म्हणून सप्टेंबरमध्येच त्या पालकांना भेटा. मूल आजी-आजोबांकडे राहू शकतं का, गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, हे आधी ठरवा, कारण निघायच्या आदल्या रात्री काहीच होत नाही. नाहीच राहू शकत तर शिक्षण हमी कार्ड द्या म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल, मुकादमाचा (टोळी घेऊन जाणाऱ्याचा) आणि वडिलांचा दोघांचा नंबर घ्या, सोबत गोष्टीची पुस्तकं, पाटी आणि आपल्या वहीतल्या त्याच्या पानाची नक्कल द्या. आठवड्यातून एकदा फोन करून त्याच्याकडून फोनवरच अर्धा परिच्छेद वाचून घ्या. परत आल्यावर मूल वर्गात कुठे बसवायचं हा प्रश्न पडत नाही.

पायरी सातवी: पुन्हा तपासा, आणि वही पुढे द्या

जूनमधली तपासणी ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीआधी, मग जानेवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा करा. आकारिक-संकलित मूल्यमापनाच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणं वेगळं चालू राहीलच, ही वही फक्त तुमच्यासाठी आणि मुलांसाठी. ऑक्टोबरमध्ये एखादं मूल जूनच्याच जागी दिसलं तर उपक्रम बदला, आणि त्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा अशा मुलांची नावं आधीच लिहून हातात द्या, कारण गर्दीत लांबचा फळा न दिसणारं मूल सांगत नाही की दिसत नाही.

बदली झाली तर ही वही आणि आवाजाच्या फाईल नव्या शिक्षकाला समोरासमोर बसून द्या. प्रत्येक पानावर शेवटी एक ओळ लिहा: सध्या कुठे अडतंय, घरी कुणाशी बोलायचं, आणि फोन कधी लागतो.